सोऱ्या, फिरकी आणि रील: दोरी किती जाड घ्यायची?

गणपती गेले की रत्नागिरीत मांडवीच्या धक्क्यावर गरवणाऱ्यांची, म्हणजे गरी टाकून मासे धरणाऱ्यांची, गर्दी सुरू होते. पाऊस ओसरलेला असतो, पाणी थोडं निवळलेलं असतं आणि नवी खरेदी मिरवायची असते. मागच्या मोसमात शेजारी एक तरुण उभा होता. नवी कोरी काठी, नवं कोरं रील. त्याला मासा लागला, चांगला मोठा असावा. रील दोन-तीन सेकंद किरकिरलं, मग ‘टक्’ आवाज आला आणि स्पूल उघडं पडलं. दोरी मुळाशी बांधलेल्या गाठीपासून तुटली होती. मासा, गरी, शिसं आणि होती नव्हती तेवढी सगळी दोरी समुद्रात गेली.

“दादा, १४ किलोची तंगूस होती. दुकानदाराने सगळ्यात मजबूत दिली होती,” तो म्हणाला. आवाजात रागापेक्षा गोंधळ जास्त होता.

मी त्याचं रील हातात घेऊन पाहिलं. स्पूलच्या कडेवर बारीक आकडे होते: ०.३०/२००, ०.३५/१४५, ०.४०/११०. त्याने भरली होती ०.५० ची. दोरी मजबूत होती म्हणूनच ती तुटली, असं मी म्हटलं तेव्हा त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. धक्क्यावर एका हातात काठी धरून हे नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी तीन शब्द. तंगूस म्हणजे नायलॉनची एकेरी, सलग दोरी. दुकानात तिला ‘मोनो’ही म्हणतात. स्पूल म्हणजे रीलचा तो गोल भाग ज्यावर दोरी गुंडाळली जाते. आणि ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक. माशाने ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढ दिली की हा ब्रेक घसरतो आणि दोरी आपोआप सुटत जाते.

स्पूल म्हणजे सोऱ्या

०.३०/२०० याचा अर्थ ०.३० मिलिमीटर जाडीची दोरी या स्पूलवर २०० मीटर मावते. काही रीलवर हाच मजकूर पौंड आणि यार्डात असतो, म्हणजे १२/२२० किंवा तसलं काहीतरी. एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम आणि एक यार्ड म्हणजे ९१ सेंटिमीटर. पौंड-यार्डाच्या छापाला मी फारसा मान देत नाही, आणि त्याचं कारण पुढे येईलच.

आता दिवाळीचा फराळ आठवा. सोऱ्यात एका वेळी मावतं तेवढंच पीठ भरलं. बारीक भोकांची चकती लावली तर शेव लांबच लांब पडत राहते. मोठ्या भोकांची लावली तर चार-दोन वेढ्यांतच सोऱ्या रिकामा. पीठ तेवढंच होतं, फक्त जाडी बदलली.

स्पूलचंही तसंच आहे. त्यात जागा ठरलेली आहे. दोरी जाड झाली की लांबी घटते, आणि ती वाटते त्यापेक्षा फार जोरात घटते. कारण दोरी जागा खाते ती तिच्या छेदाच्या क्षेत्रफळाप्रमाणे, आणि क्षेत्रफळ वाढतं जाडीच्या वर्गाने. जाडी दुप्पट झाली तर लांबी निम्मी होईल असं मन सांगतं. प्रत्यक्षात ती पाव होते.

हिशोब शाळेतला आहे. छापलेल्या जाडीचा वर्ग करा आणि लांबीने गुणा. ०.३० गुणिले ०.३० म्हणजे ०.०९, गुणिले २०० म्हणजे १८. हा १८ म्हणजे तुमच्या स्पूलची ‘जागा’. मग जी दोरी भरायची तिच्या जाडीच्या वर्गाने १८ ला भागा. ०.२५ ची दोरी भरली तर २८८ मीटर. ०.४० ची भरली तर ११२. रीलवर छापलेला ११० याच्याशी जवळपास जुळतो.

आणि ०.५० ची? फक्त ७२ मीटर.

त्या तरुणाने पहिलीच फेक ६० मीटर टाकली असणार. स्पूलवर उरले १२ मीटर. मोठ्या माशाला १२ मीटर म्हणजे एक झटका.

ताकद हा वेगळा आकडा

लोकांची गफलत होते ती इथे. दोरीच्या पाकिटावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: ती किती वजनाला तुटते आणि किती जाड आहे. आपलं लक्ष पहिल्या आकड्याकडे जातं, कारण त्यात फुशारकी आहे. रीलला मात्र त्या आकड्याशी काही देणंघेणं नसतं. तिथे जागा व्यापते ती जाडी.

एकाच ताकदीच्या दोन दोऱ्यांची जाडी सारखी असेलच असं नाही. ९ किलोची, म्हणजे २० पौंडांची, तंगूस साधारण ०.४० ते ०.४५ मिलिमीटर जाड असते. तेवढ्याच ताकदीची विणलेली दोरी ०.२३ च्या आसपास भरते. म्हणून रीलवर नुसते पौंड छापलेले असले तर ते कोणत्या दोरीचे, हे कळल्याशिवाय आकडा निरुपयोगी. बहुतेक वेळा तो मोनोचा असतो, पण ‘बहुतेक वेळा’च्या भरवशावर दोन-चार हजारांची खरेदी कशाला करायची?

माझे काका रील वापरतच नसत. लाकडाच्या फळकुटावर ‘चाळीसची’ तंगूस गुंडाळलेली, म्हणजे ०.४० मिलिमीटरची, आणि ब्रेक म्हणजे त्यांचं बोट. मासा किती किलोचा ते बोटावरच्या वळावरून सांगत. त्यांना जाडीचाच आकडा माहीत होता आणि तेवढा पुरत होता.

‘मग विणलेली घेतली की मिटलं!’

विणलेली दोरी, म्हणजे गरवणारे जिला ब्रेड म्हणतात ती (पावाचा नव्हे), पॉलिएथिलिनच्या अतिशय मजबूत तंतूंची वेणी घालून बनवतात. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्या तंतूंची व्यापारी नावं. कमी जाडीत जास्त ताकद, त्यामुळे त्याच स्पूलवर भरपूर लांबी. शिवाय ती ताणली जात नाही, म्हणून ६० मीटरवर काळुंदराने आमिषाच्या खेंगट्याला (छोट्या खेकड्याला) नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं.

पण मिटत काही नाही. पहिली अडचण म्हणजे ती गुळगुळीत असते. रिकाम्या स्पूलवर सरळ बांधली तर गाठ कितीही पक्की असो, दोरीचा सबंध गठ्ठाच स्पूलवर गरगर फिरतो. तुम्ही ड्रॅग घट्ट करत राहता आणि दोरी सुटतच राहते. दुसरी अडचण कोकणच्या खडकांची. कालवांची धार ब्रेडला सुरीसारखी कापते. म्हणून तिच्या टोकाला मोनोचा किंवा फ्लोरोकार्बनचा जाड तुकडा, म्हणजे लीडर, बांधावाच लागतो. जिताड्याच्या कल्ल्यांवरची धार ज्याने एकदा अनुभवली आहे त्याला हे पटवावं लागत नाही.

तिसरी अडचण खिशाची. स्पूल ०.३०/२०० चं असेल आणि त्यावर ०.२३ ची ब्रेड भरायची असेल तर ते भरायला ३४० मीटर लागतील. चांगली ब्रेड मीटरच्या हिशोबाने तंगुशीपेक्षा कितीतरी महाग. आणि त्यातली तळची दोनशे मीटर सूर्यप्रकाशही पाहणार नाही.

पतंगवाले हे आधीच शिकलेत

संक्रांतीला फिरकी कशी भरतात? तळाशी साधी सद्दी, वर मांजा. कारण काटाकाटी होते ती वरच्या भागात. तळचा दोरा फक्त फिरकी जाड ठेवायला आणि गरज पडली तर ढील द्यायला. रीलवर अगदी हेच करतात आणि त्याला बॅकिंग म्हणतात. तळाशी स्वस्त तंगूस, वर महाग ब्रेड. तंगूस स्पूलला घट्ट धरते, ब्रेड तंगुशीला. घसरण्याची तक्रारही संपते आणि पैसेही वाचतात.

(विषय निघालाच आहे म्हणून: तंगूस पतंगाला लावू नका. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ पासून देशभर बंदी घातली आहे, आणि दुचाकीवाल्यांच्या गळ्यांचं त्याने काय केलं ते दर जानेवारीत वर्तमानपत्रांत येतं.)

किती बॅकिंग भरायची, याचं उत्तर त्याच १८ मध्ये आहे. मला वर ०.२३ ची ब्रेड १५० मीटर हवी आहे. ०.२३ चा वर्ग ०.०५२९, गुणिले १५० म्हणजे जवळजवळ ८. स्पूलची जागा १८, त्यातून ८ गेले, उरले १०. बॅकिंगला घरात पडलेली ०.३५ ची तंगूस आहे, तिचा वर्ग ०.१२२५. दहाला त्याने भागलं की ८२ मीटर. आधी ८० मीटर तंगूस गुंडाळायची, तिला ब्रेड जोडायची, मग वर १५० मीटर. मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरतो.

‘पण एवढी दोरी लागते कुणाला?’

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि वरवर बरोबरही आहे. धक्क्यावरून कोणी २०० मीटर फेकत नाही. चांगला फेकणारा साठ-सत्तर टाकतो. मासाही त्यापुढे शंभर मीटर क्वचितच पळतो. मग ७२ मीटर का पुरू नयेत?

पुरत नाहीत ते ब्रेकमुळे. ही गोष्ट अनेक जुन्या गरवणाऱ्यांनाही माहीत नसते, म्हणून जरा थांबून सांगतो.

घट्ट बसलेला नट लांब दांड्याच्या पान्याने सहज सुटतो, आखूड दांड्याच्या पान्याने हात दुखेपर्यंत जोर लावावा लागतो. नट तोच, जोर वेगळा. रीलचा ड्रॅग म्हणजे तो नट, आणि मासा ज्या दांड्याने तो फिरवतो तो दांडा म्हणजे स्पूलच्या मध्यापासून दोरीच्या वरच्या थरापर्यंतचं अंतर. स्पूल भरलेलं असताना हा दांडा लांब असतो. दोरी सुटत गेली की थर उतरतात, दांडा आखूड होतो, आणि तोच ब्रेक फिरवायला दोरीवर जास्त ताण यावा लागतो. तुम्ही ड्रॅगच्या चकतीला बोटही लावलेलं नसतं, तरी ब्रेक आपोआप आवळला जातो.

किती? भरलेलं असताना ४८ मिलिमीटर व्यास आणि रिकामं असताना २८ मिलिमीटर, असं एक मध्यम स्पूल धरू. त्याची जागा आपलीच १८. आता ६० मीटरची फेक टाका. ०.३० ची तंगूस असेल तर ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. बॅकिंगवर ०.२३ ची ब्रेड असेल तर फक्त ६ टक्क्यांनी. ०.५० ची तंगूस असेल तर जवळजवळ ५० टक्क्यांनी, म्हणजे दीडपट. तेही मासा लागायच्या आधी, नुसत्या फेकीने. मग मासा लागतो आणि उरलेली दोरी पळवतो, तेव्हा स्पूल रिकामं होईपर्यंत ताण १.७ पट झालेला असतो.

ड्रॅग साधारणपणे दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावतात. दोरी ९ किलोची असेल तर सव्वादोन ते तीन किलो. भाजीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा दोरीच्या टोकाला अडकवून, काठी वाकवून ओढायचं आणि किती किलोवर दोरी सुटते ते पाहायचं. बाकीची ताकद राखून का ठेवायची, ते आता कळलं असेल: दांडा आखूड होतो, गाठ तिचा वाटा खाते, ओली झाल्यावर नायलॉनची ताकद थोडी उतरते, आणि पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या दोरीलाही पाण्याचा विरोध असतोच. त्या तरुणाने ड्रॅग अंदाजाने ‘चांगला घट्ट’ केला होता. त्यावर दीडपट, मग १.७ पट, आणि शेवटी ब्रेकच उरला नाही, कारण दोरीच संपली. संपलेल्या दोरीला ड्रॅग नसतो. सगळा झटका मुळाच्या गाठीवर.

‘मग मोठं रीलच घेतो, आणि दोरी सगळ्यात मजबूत’

मोठं रील घेता येतं. दिवसभर ते हातात धरून उभं राहायची तयारी असेल तर. पण मजबुतीच्या हव्यासाला आणखी एक मर्यादा आहे. रीलच्या ड्रॅगलाही कमाल जोर असतो आणि तो खोक्यावर लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ६ किलो. त्यावर ३० किलोची ब्रेड लावली तर त्यातली निदान २० किलोंची ताकद कधी वापरातच येणार नाही. येईल फक्त एकदा: गरी खडकात अडकेल, तुम्ही रागाने काठीनेच ओढाल, आणि दोरीऐवजी काठी मोडेल. काठीवरही दोरीची मर्यादा छापलेली असते. काठी, रील आणि दोरी या साखळीत तुटायचंच असेल तर दोरी तुटावी, कारण तिन्हींत स्वस्त तीच.

आणि ९ किलोच्या दोरीने ९ किलोपेक्षा मोठा मासा निघत नाही, ही समजूत सोडा. पाण्यात माशाचं वजन जवळजवळ पाणीच पेलतं. तुमच्याशी झुंजते ती त्याची ओढ, आणि ओढीला ड्रॅग आहे. वजन दोरीवर येतं ते माशाला धक्क्यावर उचलताना. तिथे जाळी किंवा आकडी वापरायची. दोरीने लटकावून वर घेतलेले मासे अर्ध्या वाटेवर सुटतात, आणि वर उभे असलेले दहा जण दहा तऱ्हेचे सल्ले देतात.

तरी ताकदीचा विचार सोडून द्यायचा नाही. तो फक्त योग्य क्रमाने करायचा. खाडीत काळुंदरासाठी ३-४ किलोची पुष्कळ. खडकात तांबोशीसाठी नाही, कारण तांबोशी लागली रे लागली की कपारीत शिरते आणि तिला पहिल्या दोन मीटरमध्येच थोपवावं लागतं. तिथे ९-१३ किलो आणि जाड लीडर. आधी मासा आणि जागा, त्यावरून ताकद, ताकदीवरून दोरीची जात आणि जाडी, जाडीवरून रील. आपण दुकानात हे नेमकं उलटं करतो. आधी डोळ्यांत भरतं ते रील.

छापलेल्या मिलिमीटरवर विश्वास ठेवावा का?

अर्धामुर्धा. आपली दोरी बारीक असूनही मजबूत आहे असं दाखवायचा मोह बनवणाऱ्यांना असतो, त्यामुळे ०.३० छापलेली दोरी मोजली तर ०.३३ निघू शकते. फरक छोटा वाटतो, पण वर्गाने तो वाढतो: २०० मीटरचे १६५ होतात. तपासायला सोपा उपाय आहे. पेन्सिलीवर दोरीचे २० वेढे एकाला एक चिकटवून घाला आणि पट्टीने रुंदी मोजा. ६ मिलिमीटर भरली तर ०.३० खरं.

ब्रेडला ही युक्ती नीट लागू पडत नाही. ती दाबली की चपटी होते, आणि कशी गुंडाळली यावर किती मावेल ते ठरतं. सैल गुंडाळली तर कमी मावते, शिवाय फेकताना वरचे वेढे खालच्यांत रुतून असा गुंता होतो की ब्लेड काढावं लागतं. भरताना दोरी ओल्या फडक्यातून, चिमटीत दाबून घ्यावी.

ब्रेडसाठी जपान्यांची पद्धत मला जास्त सरळ वाटते. पाकिटावर ‘पीई १’, ‘पीई २’ असं लिहिलेलं असतं. पीई म्हणजे पॉलिएथिलिन. हा आकडा दोरीच्या वजनावर आधारलेला आहे: पीई १ म्हणजे २०० डेनिअर. साडीच्या किंवा सुताच्या व्यवहारात डेनिअर ऐकलेलं असेल, ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. म्हणजे पीई १ ची ९,००० मीटर दोरी २०० ग्रॅम भरते. पदार्थ एकच असल्याने वजन दुप्पट तर छेदाचं क्षेत्रफळही दुप्पट. वर्ग करायची कटकटच नाही. रीलवर ‘पीई १.५, ३०० मीटर’ असेल तर गुणाकार ४५०. पीई ३ भरली तर १५० मीटर, पीई २ भरली तर २२५.

काठोकाठ नको

हिशोब जुळला म्हणून स्पूल ओतू जाईपर्यंत भरू नये. कडेच्या आत दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायची. त्याहून जास्त भरलं तर फेकताना वेढे झुंडीने सुटतात आणि काठीवरच्या पहिल्याच कडीत त्यांचं घरटं होतं. कमी भरलं तर सुटणारी दोरी कडेवर घासते आणि फेक आखडते. छापलेल्या लांबीत ही मोकळीक धरलेली असते असं म्हणतात, पण हात डोळ्यांच्या भरवशावरच थांबवावा.

बॅकिंगचा अंदाज पहिल्यांदा चुकतोच. ज्यांच्याकडे तसंच दुसरं स्पूल आहे त्यांनी आधी त्यावर ब्रेड भरायची, तिच्यावर तंगूस कडेपर्यंत, आणि मग सगळं उलटं गुंडाळायचं. तंगूस बरोबर तेवढीच तळाशी जाते. मैदानावर किंवा लांब गल्लीत दोरी पसरूनही हे जमतं. शेजारी विचारतात काय चाललंय, एवढंच.

ब्रेडचा वरचा चाळीस-पन्नास मीटरचा भागच झिजतो. दोन मोसमांनी ती उलटी करून भरली की तळचा कोरा भाग वर येतो. कापून टाकलेले तुकडे मात्र खडकावर सोडू नका, खिशात घालून घरी न्या. धक्क्यावरच्या बगळ्यांच्या पायांत ते अडकलेले मी पाहिले आहेत.

त्या तरुणाचं रील पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून भरलं. ०.३५ ची ८० मीटर तळाशी, ०.२३ ची १५० वर. स्पूलच्या आतल्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर त्याने बॉलपेनने लिहिलं: “८० + १५०, ड्रॅग अडीच.” खाली तारीख घातली.